हरलात ते कळलं, हिशेब कधी देणार?

जून २०२४ मध्ये डॅलस मॅव्हरिक्स हा बास्केटबॉलचा संघ एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या अंतिम मालिकेत खेळत होता. बोस्टनकडून १-४ असा हरला, पण तिथवर पोचला होता. दहा महिन्यांनी, एप्रिल २०२५ मध्ये, त्याच संघाचा हंगाम ३९ विजय आणि ४३ पराभवांवर आटोपला. पश्चिम विभागात दहावा नंबर. बाद फेरीच्या पात्रतेसाठी दोन सामने मिळाले, त्यातला पहिला जिंकला, दुसरा मेम्फिसकडे हरला आणि गाशा गुंडाळला. मधल्या काळात या संघानं आपला सर्वोत्तम खेळाडू, पंचविशीतला लुका डॉन्चिच, लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकला होता. त्या बदल्यात आला बत्तीशीकडे झुकलेला आणि सतत दुखापतींशी झुंजणारा अँथनी डेव्हिस, सोबत एक तरुण खेळाडू आणि २०२९ साली नव्या खेळाडूंमधून निवड करायचा एक हक्क.

अमेरिकेतल्या संघाचं हे रडगाणं सांगलीत कशाला, असा प्रश्न रास्त आहे. पण आमच्याकडे विश्रामबागेत सकाळी फिरायला निघालं की कुठल्या ना कुठल्या मैदानावर चार पोरं रिंगखाली मोबाईल टेकवून डॅलसचा सामना बघताना दिसायची. तिकडे संध्याकाळचे साडेसात म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे सकाळचे सात. सामना बघायचा, मग तासभर खेळायचं, मग क्लास. त्यातल्या एकाच्या अंगावर लुकाचा निळा ७७ नंबरचा शर्ट असायचा. रविवारच्या बाजारातला असावा, कारण धुऊन धुऊन दुसऱ्या सातचं रबर निम्मं सोललं होतं. ज्या दिवशी लुका गेल्याची बातमी आली, तो आपल्याकडचा रविवारच होता, २ फेब्रुवारी २०२५, सकाळचे साडेदहा-पावणेअकरा. ज्या पत्रकारानं ती फोडली, त्याचं खातं कुणीतरी हॅक केलं असणार, असं जगभर अनेकांना वाटलं. शेवटी त्याला वेगळी ओळ लिहून सांगावं लागलं, की बाबांनो, हे खरं आहे.

माझं म्हणणं असं आहे. हंगाम वाईट जाणं हा काही गुन्हा नाही. पण जो संघ शहराचं नाव छातीवर लावतो आणि शहराच्या पैशानं बांधलेल्या मैदानात खेळतो, त्यानं वाईट हंगामाचा हिशेब शहराला द्यायला हवा. फ्रँचायझी नावाची जी रचना आहे ती नेमकी हा हिशेब टाळण्यासाठी सोयीची आहे, आणि आपण तीच रचना महाराष्ट्रात हौसेनं आणतोय.

आधी डॅलसला जे माफ करायला हवं ते करू. त्या हंगामात दुखापतींनी संघाची दैना केली, यात शंका नाही. खुद्द लुका नाताळच्या दिवशी पोटरी दुखावून बसला. डेव्हिस आला, ८ फेब्रुवारीला पहिल्याच सामन्यात २६ गुण आणि १६ रिबाऊंड घेऊन प्रेक्षकांना गप्प केलं, आणि त्याच सामन्यात मांडीचा स्नायू धरून आत गेला तो मार्चच्या अखेरीस बाहेर आला. ३ मार्चला संघातला दुसरा मोठा खेळाडू कायरी अर्व्हिंग याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. त्या अवस्थेत, डोळ्यांत पाणी असताना, त्यानं आपले दोन फ्री थ्रो घेतले आणि मगच मैदान सोडलं. मार्चमध्ये तर नियमाप्रमाणे लागणारे आठ खेळाडू उभे करतानाही मारामार होती. अशा संघानं ३९ सामने जिंकले हेच खरं तर कौतुकाचं. खेळाडूंनी पाट्या टाकल्या असं कुणी म्हणू शकत नाही.

पण लुकाला विकणं ही दुखापत नव्हती. तो निर्णय होता, आणि तो बंद खोलीत दोन-चार माणसांनी घेतला. जनरल मॅनेजर निको हॅरिसन, मालकांच्या वतीनं पॅट्रिक ड्युमॉन्ट आणि पलीकडे लेकर्सचा मुख्य माणूस. प्रशिक्षक जेसन किडला अगदी शेवटच्या घटकेला कळलं. लुकाला स्वतःला कळलं तेव्हा सौदा पक्का झाला होता. हॅरिसननं कारण दिलं ते असं, की विजेतेपद बचावावर मिळतं आणि डेव्हिस बचावात सरस आहे. हे कारण चूक की बरोबर यावर बास्केटबॉलवाले जन्मभर भांडतील. मला त्यात पडायचं नाही. मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पुढच्या उन्हाळ्यात लुका साधारण ३४५ दशलक्ष डॉलरच्या पाच वर्षांच्या करारासाठी पात्र होणार होता. ते पैसे द्यायचे की नाही, हा प्रश्न सौद्याच्या वेळी टेबलावर होता का? असेल तर कुणी काय म्हटलं? हे विचारायला डॅलसच्या माणसाला जागाच नव्हती.

त्यानं जी जागा सापडली ती वापरली. मैदानाबाहेर डर्क नोवित्स्कीच्या पुतळ्यापाशी शवपेटी आणून ठेवली. नोवित्स्की म्हणजे २१ हंगाम एकाच संघात काढलेला, २०११ चं विजेतेपद मिळवून दिलेला माणूस. आत सामना चालू असताना हॅरिसनला काढा अशा घोषणा झाल्या. काहींना फलक दाखवल्याबद्दल, ओरडल्याबद्दल बाहेर काढण्यात आलं. तिकीट काढून आलेला माणूस, त्याला दारातून बाहेर! एप्रिलमध्ये हॅरिसन निवडक पत्रकारांना भेटला, तेव्हा कॅमेरा आणि रेकॉर्डिंगला बंदी होती. पुढे हंगाम संपल्यावर तो म्हणाला, की लुका चाहत्यांना महत्त्वाचा आहे हे मला माहीत होतं, पण तो कोणत्या पातळीपर्यंत ते नीटसं कळलं नव्हतं.

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. लोक त्याला उर्मटपणा म्हणाले. मला ते प्रामाणिक वाटलं, आणि म्हणूनच जास्त गंभीर वाटलं. कळणार कुठून? ज्या यंत्रणेत तो काम करत होता, तिच्यात चाहत्याचं म्हणणं वर पोचायला एकही पायरी नव्हती. तिकीटविक्रीचा आकडा पोचतो, टीव्हीचा आकडा पोचतो, शर्ट किती खपले तेही पोचतं. माणूस पोचत नाही.

आता आमच्याकडे या. कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला संस्था हरते म्हणजे काय आणि मग काय होतं, हे शिकवावं लागत नाही. सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम वाईट गेला, की सप्टेंबरात वार्षिक सर्वसाधारण सभा ठरलेली. कायद्यानं आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत ती घ्यावीच लागते. मोठा मांडव, मागे अध्यक्ष-संचालकांचे फोटो, आधी श्रद्धांजलीचा ठराव, मग विषयपत्रिका. प्रत्येक सभासदाच्या हातात अहवाल. चकचकीत कव्हर आणि सुरुवातीची पानं पुढाऱ्यांच्या फोटोंनी भरलेली, पण मुरलेला सभासद तिकडे बघतसुद्धा नाही. अंगठ्याला थुंकी लावून तो थेट मागच्या पानांवर जातो. गाळप किती टन, किती दिवस, साखरेचा उतारा किती बसला, तोडणी-वाहतुकीचा खर्च मागच्या सालापेक्षा किती वाढला, कर्ज किती. वडिलांच्या नावावरच्या शेअरमुळे अशा एका सभेला मी बसलो होतो. शेजारचे आजोबा पेन्सिलीनं एका आकड्याभोवती गोल काढून बसले होते. तीन वेळा हात वर केला, माईक मिळाला नाही. चौथ्यांदा ते माईकशिवायच ओरडले, "आरं मर्दा, भाषण राहू दे, वाहतुकीचा खर्च एवढा वाढला कशानं तेवढं सांग!" सगळा मांडव हसला. उत्तर मात्र द्यावं लागलं. अर्धवट दिलं, पण दिलं.

या सभांचं मला भाबडं प्रेम नाही. त्या कशा उरकल्या जातात ते सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. पुढच्या रांगांत आपली माणसं सकाळपासून बसवायची, विषय वाचला रे वाचला की "मंजूर, मंजूर"चा गलका करायचा, राष्ट्रगीत सुरू करून प्रश्नकर्त्याला उभं करायचं आणि गप्प करायचं. विरोधक मग बाहेर झाडाखाली समांतर सभा घेतात. निवडणुकीत पॅनेल, पॅनेलमागे भावकी, भावकीमागे आमदारकी. कित्येक कारखाने सभासदांच्या डोळ्यांदेखत कर्जात बुडाले आणि भाड्यानं किंवा विक्रीनं खाजगी हातात गेले. तेव्हा सहकारात सगळं आलबेल आहे आणि डॅलसनं आमच्याकडून शिकावं, असला आव मी आणणार नाही.

तरीही एक फरक उरतोच. २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठचा ऊस कितीतरी दिवस पाण्याखाली होता. उतारा पडला तर त्याबद्दल कुणी अध्यक्षाला जाब विचारत नाही, पुराचा जाब कोण देणार. पण रातोरात एखादा चालू प्रकल्प विकला, तर विचारतात. निदान विचारायचा हक्क आहे, त्याची तारीख ठरलेली आहे, आधी नोटीस काढावी लागते आणि आकडे छापून द्यावे लागतात. डॅलसच्या बाबतीत अर्व्हिंगचा गुडघा हा महापूर होता. लुकाचा सौदा हा प्रकल्प विकण्याचा प्रकार होता. दोन्ही एकाच "निराशाजनक हंगाम" या शीर्षकाखाली ढकलून दिले, की दुसऱ्यावरची चर्चा पहिल्यात विरघळते. संघाच्या व्यवस्थापनाला हेच हवं असतं.

आणि गंमत बघा, बास्केटबॉल हा आकड्यांचा खेळ. कोणता खेळाडू किती मिनिटं खेळला, किती फेकी चुकल्या, तो मैदानात असताना संघ किती गुणांनी पुढे-मागे होता, सगळं सामना संपायच्या आत जगासमोर येतं. विसाव्या वर्षाच्या पोराचा एक चेंडू हातातून सुटला तर त्याचीही नोंद कायमची राहते. पण ज्या माणसानं ३४५ दशलक्षांच्या प्रश्नाचं उत्तर काढलं, त्याच्या नावापुढे असा तक्ता कुठे आहे? त्यानं कुणाला विचारलं, आणखी कोणत्या संघांशी बोलून बघितलं, वैद्यकीय अहवालात काय होतं? हिशेब फक्त घाम गाळणाऱ्यांचा ठेवायचा, ही खेळातली जुनी खोड आहे. आपल्याकडे शालेय स्पर्धेत संघ हरला की पोरांना आणि फार तर पीटीच्या सरांना झापतात. वर्षभर चेंडू का मिळाले नाहीत, हे कुणी विचारत नाही.

इथे हमखास येणारा मुद्दा असा, की संघ खाजगी मालमत्ता आहे. मार्क क्यूबननं २००० साली तो २८५ दशलक्ष डॉलरला घेतला, २०२३ च्या डिसेंबरात बहुतांश हिस्सा एडल्सन कुटुंबाकडे गेला तेव्हा किंमत साडेतीन अब्जांच्या घरात धरली गेली. ज्याचा पैसा त्याचा निर्णय. दुकानदारानं कोणता माल ठेवायचा हे गिऱ्हाईक ठरवत नाही, पटत नसेल तर दुसरीकडे जा.

पण हा पैसा फक्त त्यांचा नाही. डॅलस ज्या मैदानात खेळतं ते २००१ साली उघडलं, साधारण ४२० दशलक्ष डॉलर खर्चून. त्यातले १२५ दशलक्ष शहरानं घातले, हॉटेलांवर आणि भाड्याच्या गाड्यांवर कर बसवून. त्यासाठी १९९८ च्या जानेवारीत डॅलसकरांचं मतदान घेतलं गेलं आणि ते काठावर पास झालं. म्हणजे पैसे मागायची वेळ आली तेव्हा संघाला शहरातला एकूण एक मतदार आठवला. हॅरिसनच्या नावानं ओरडायची वेळ आली तेव्हा तोच मतदार गिऱ्हाईक झाला. शिवाय दुसऱ्या दुकानात जा म्हणणं सोपं आहे. डॅलसमध्ये एनबीएचा दुसरा संघ नाही, आणि लीगच्या परवानगीशिवाय कुणाला काढताही येत नाही. एकाच बाजारपेठेचा मक्ता हाती असलेल्यानं स्पर्धेचे गोडवे गावेत, हे जरा अति होतं.

त्या हंगामाला जी शेपटी जोडली गेली, तिनं तर सगळ्यावर कडी केली. एनबीएत बाद फेरी हुकलेल्या १४ संघांची दरवर्षी सोडत निघते, आणि जो जिंकेल त्याला नव्या खेळाडूंमधून पहिली निवड मिळते. हेतू चांगला: दुबळ्याला बळ मिळावं. १९८५ मध्ये सोडत आणली तीच मुळी संघ मुद्दाम हरतात असा संशय वाढल्यामुळे. त्याआधी दोन्ही विभागांतल्या तळाच्या संघांत नाणेफेक व्हायची, आणि तळ गाठण्याची शर्यत लागायची. पुढे २०१९ पासून खालच्या तिन्ही संघांना सारखीच, प्रत्येकी १४ टक्के संधी ठेवली. तरी मुद्दाम हरणं थांबलेलं नाही. आमच्या भागात याला नुरा कुस्ती म्हणतात, आणि कुंडलच्या मैदानात ती दिसली तर प्रेक्षक पैलवानाला सुखानं लंगोट सोडू देणार नाहीत. एनबीएत तिचा दंड भरला की झालं. डॅलसनं स्वतः एप्रिल २०२३ मध्ये शेवटच्या सामन्यांत प्रमुख खेळाडू बसवून ठेवले, कारण जास्त जिंकले असते तर निवडीचा हक्क न्यूयॉर्ककडे गेला असता. लीगनं साडेसात लाख डॉलर दंड केला. तो हक्क मात्र डॅलसकडेच राहिला, त्यातून डेरेक लाइव्हली संघात आला, आणि वर्षभरात तेच अंतिम फेरीत होते. साडेसात लाखांत एवढा फायदा कुठल्या धंद्यात होतो?

२०२५ मध्ये तर मुद्दाम हरायचीही गरज पडली नाही. १२ मे रोजी सोडत निघाली. सोडतीतल्या आकड्यांच्या हजार जोड्यांपैकी १८ डॅलसच्या नावावर होत्या, म्हणजे १.८ टक्के. त्यातलीच निघाली. ड्यूक विद्यापीठाचा अठरा वर्षांचा कूपर फ्लॅग, त्या वर्षीचा सर्वांत नावाजलेला पोरगा, डॅलसच्या पदरात पडला. ज्या व्यवस्थापनाला जाब विचारायचा, त्याच्या हातात लॉटरीचं तिकीट आलं आणि काही आठवडे तरी सगळ्यांची तोंडं बंद झाली. सोडतीत लबाडी झाली असं म्हणणारे महाभाग आहेत. मला तसं म्हणायला काही आधार दिसत नाही, आणि गरजही वाटत नाही. नशिबानं उत्तर दिलं की माणसाला द्यावं लागत नाही, एवढंच मला खुपतं.

नशीबही फार टिकलं नाही. पुढच्या हंगामात पहिल्या अकरा सामन्यांत तीनच विजय मिळाले आणि ११ नोव्हेंबर २०२५ ला हॅरिसनला काढलं. सौद्यानंतर नऊ महिन्यांनी. त्याच्या आदल्या रात्रीची एक गोष्ट बातम्यांत आली होती. ड्युमॉन्ट मैदानाच्या कडेला बसले होते, आणि लुकाचा लेकर्सचा शर्ट घातलेला अठरा वर्षांचा एक मुलगा त्यांच्यापाशी गेला. आधी कधीतरी त्यांना केलेल्या असभ्य हातवाऱ्याबद्दल त्यानं माफी मागितली, आणि दोघं बोलत बसले. सौद्याबद्दल आपल्याला फार वाईट वाटतं, असं मालक त्याला म्हणाल्याचं त्या मुलानं सांगितलं. लाखो लोक नऊ महिने जे ऐकायला थांबले होते, ते एका पोराला योगायोगानं ऐकायला मिळालं. डॅलसची सर्वसाधारण सभा झाली ती अशी, दोन खुर्च्यांची.

मग काय, संघ चाहत्यांच्या ताब्यात द्यायचे? जगात तसं चालतंही. अमेरिकेतच ग्रीन बे पॅकर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ १९२३ पासून गावकऱ्यांच्या भागभांडवलावर उभा आहे. जर्मनीत फुटबॉल क्लबांची निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडे ठेवण्याचा नियम आहे. बार्सिलोनाचा अध्यक्ष लाखाहून जास्त सभासद मतदानानं निवडतात. पण याच बार्सिलोनाकडे बोट दाखवून मला कुणीही निरुत्तर करू शकतो. सभासदांचा क्लब असूनही तो एक अब्ज युरोपेक्षा जास्त कर्जात रुतला, आणि २०२१ मध्ये मेस्सीला ठेवायलाही त्याला जमलं नाही. म्हणजे लोकशाहीनं लाडका खेळाडू वाचला नाही. मान्य. मात्र आधीच्या वर्षी, २०२० च्या ऑक्टोबरात, अध्यक्ष बार्तोमेउ यांना राजीनामा द्यावा लागला होता, कारण अविश्वासाच्या ठरावासाठी सभासदांनी लागतील त्याहून जास्त सह्या गोळा केल्या होत्या. कर्ज करणाऱ्याला घरी पाठवायचा रस्ता तिथे लिहून ठेवलेला होता. डॅलसला नऊ महिने घोषणाच द्याव्या लागल्या, आणि शेवटी मालकाला वाटलं म्हणून झालं.

दुसरी शंका जास्त खरी आहे. चाहता भावनेवर चालतो. त्याच्या हाती मत दिलं तर कुठलाही लाडका खेळाडू कधीच विकता येणार नाही, संघ म्हाताऱ्यांचा होईल. म्हणूनच मी मताचा हट्ट धरत नाही. खेळाडू कोण घ्यायचा, कोण सोडायचा, हे जाणकारांनीच ठरवावं. उसाची जात कोणती लावायची हेही सभेत हात वर करून ठरत नाही. पण ठरवून झाल्यावर, हंगाम संपल्यावर, ज्यांनी ठरवलं त्यांनी लोकांसमोर उभं राहावं, आकडे मांडावेत आणि माईक खाली द्यावा. यात बास्केटबॉलचं काय बिघडतं? हॅरिसनला फेब्रुवारीत माहीत असतं की जूनमध्ये वीस हजार माणसांपुढे आपल्याला हे सांगायचंय, तर त्यानं लुका चाहत्यांना किती महत्त्वाचा आहे हे आधी विचारून घेतलं असतं. सौदा कदाचित तरीही केला असता. पण डोळे उघडे ठेवून केला असता.

आपल्याकडे हे सगळं आत्ताच बोलायला हवं, कारण आपली घडी अजून बसायची आहे. प्रो कबड्डी २०१४ ला आली, अल्टिमेट खो-खो २०२२ ला, आणि २०२५ च्या सुरुवातीला बास्केटबॉलचीही शहरांच्या नावांची व्यावसायिक लीग झाली. आमच्या वाळवा तालुक्याचा कबड्डीपटू काशिलिंग आडके दिल्लीकडून खेळला, मग यू मुंबाकडून, आणि आम्ही दरवेळी तो असेल त्या संघाचे झालो. प्रो कबड्डीतली पुणेरी पलटण दहाव्या हंगामात अजिंक्य ठरली, अकराव्यात पहिल्या सहांतही नव्हती, बाराव्यात पुन्हा अंतिम फेरीत. मधल्या त्या वर्षी कर्णधार अस्लम इनामदार जखमी झाला, हे एक कारण सगळ्यांना माहीत आहे. बाकीची कारणं? नाव पुण्याचं आहे, आणि पुण्यातल्या कुणाला विचारायची सोय नाही. जिंकत असताना हे खुपत नाही. डॅलसलाही जून २०२४ मध्ये खुपत नव्हतं.

खुद्द बास्केटबॉलची आपली अवस्था तर बोलायला नको. भारताचा संघ ऑगस्ट २०२५ मध्ये जेद्दाच्या आशिया चषकात तिन्ही सामने हरला. जॉर्डनशी मात्र जादा वेळेपर्यंत झुंजला, आणि ती झुंज बघून ऊर भरून आला. त्या पराभवांनंतर संघटनेनं काय केलं, काय करणार आहे, हे तुम्ही कुठे वाचलंत? याच डॅलसनं २०१५ मध्ये पंजाबच्या सतनाम सिंगला ५२ व्या क्रमांकावर निवडलं होतं, भारतात जन्मलेला पहिलाच. एनबीएचा एक सामनाही त्याच्या वाट्याला आला नाही. तेव्हा आपण महिनाभर पेढे वाटल्यासारखे वागलो, आणि दुसरा सतनाम का आला नाही हे विचारायचं विसरलो. खाली जिल्ह्यात यावं तर, आमच्या ओळखीच्या एका मैदानावरची रिंग लोंबकळून लोंबकळून पुढे झुकली आहे. दहा फुटांची म्हणून बसवलेली, आता कुणीही उडी मारून धरतो. ती सरळ कुणी करायची यावर तीन ठिकाणी अर्ज फिरला आणि तिन्ही ठिकाणी "हे आमच्याकडे येत नाही" असं उत्तर मिळालं. इथेही कुणी लबाडी केली असं नाही. हिशेब द्यायचा कुणी, हेच ठरलेलं नाही.

लुका १० एप्रिलला, आपल्याकडच्या सकाळी, लेकर्सच्या शर्टात डॅलसच्या मैदानावर परतला. त्याच्यावरची चित्रफीत लावली तेव्हा तो टॉवेलनं डोळे पुसत होता, आणि मग त्यानं ४५ गुण केले. महावीर जयंतीची सुट्टी होती, त्यामुळे आमची पोरं शेवटपर्यंत निवांत बघत बसली. निळ्या ७७ वाल्याला मी विचारलं, आता लेकर्सचा पिवळा शर्ट घेणार का. तो म्हणाला, "शर्टाचं जाऊ द्या की काका. पण त्यांनी हे का केलं, ते कुणी सांगितलंच नाही." जगातल्या सगळ्या विश्लेषकांनी शेकडो तास खर्चून जेवढं सांगितलं त्यापेक्षा हे वाक्य मला जास्त पटलं.

तर मागणी साधी आहे. डॅलसच्या मैदानाचा भाडेकरार २०३१ मध्ये संपतो, आणि नव्या मैदानाच्या गोष्टी आत्तापासून चालू आहेत. संघ तेव्हा शहराच्या दारात येईलच. शहरानं करारात एक कलम घालावं. आपल्याकडे बालेवाडीचं क्रीडासंकुल सरकारचं आहे, जिल्हा क्रीडासंकुलं सरकारची आहेत, आणि लीगवाल्यांना ती लागतात. जो संघ महाराष्ट्रातल्या गावाचं किंवा शहराचं नाव लावेल आणि सार्वजनिक मैदान वापरेल, त्यानं हंगाम संपल्यापासून साठ दिवसांत त्या शहरात एक खुली सभा घ्यावी. पंधरा दिवस आधी नोटीस, छापील अहवाल, आत यायला हंगामातल्या कुठल्याही सामन्याचं तिकीट पुरेल, आणि माईक सभागृहात फिरता. सभेला व्यवस्थापक आणि मालकाचा प्रतिनिधी हजर पाहिजे, खेळाडूंना बोलवायची गरज नाही, त्यांचा हिशेब रोज लागतोच. गोंधळ होईल, "मंजूर, मंजूर"वालेही येतील. होऊ दे. सभा कशी चालते हे शिकायला आमच्याकडची चार माणसं पाठवू, समांतर सभा घेणारी वेगळी. विषयपत्रिकेचा नमुनाही तयार आहे, सहकारी संस्थेचा उचलला तरी चालेल. फक्त त्यातला पहिला विषय, मागील सभेचा इतिवृत्तांत वाचून कायम करणे, यंदा वगळावा लागेल. मागील सभा झालेलीच नाही. थेट दुसऱ्यापासून सुरुवात करायची: अहवाल सालातील कामकाजाचा आढावा घेणे, आणि सभासदांच्या प्रश्नांना उत्तरे देणे.